भंगारातून बांधलेली रिकम्बंट सायकल : आठ महिन्यांनंतर

जानेवारीत ही सायकल पहिल्यांदा रस्त्यावर काढली, आता सप्टेंबर संपत आला. मे महिन्याचा घाम आणि अख्खा पावसाळा तिच्यावर काढून झाला, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

साध्या सायकलवर अर्ध्या तासात माझ्या दोन्ही करंगळ्या बधिर व्हायच्या, मानेत कळ यायची. पन्नाशीनंतर सायकल सोडायची की बसण्याची पद्धत बदलायची, एवढाच प्रश्न उरला होता. रिकम्बंटवर खुर्चीत रेलल्यासारखं बसायचं, पाय पुढे. भार पाठीवर आणि बैठकीवर येतो, हात फक्त वळवण्यापुरते. आठ महिन्यांत एकदाही मुंग्या आलेल्या नाहीत. माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

कुर्ल्याच्या भंगार बाजारातून दोन सायकली उचलल्या. एक चिमटा वाकलेली २६ इंची गिअरची, तिचा मागचा अर्धा भाग घेतला. दुसरी लहान मुलांची २० इंची, तिचं पुढचं चाक, चिमटा आणि हँडलचा पाइप घेतला. मधे ४० बाय ४० मिलिमीटरचा १६ गेजचा चौकोनी पाइप. जीआय पाइप स्वस्तात मिळत होता, पण वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीत जातो, म्हणून साधा काळाच घेतला. पुढचं चाक सगळ्यात पुढे, त्याच्या मागे क्रँक (पायडल बसतात तो फिरता दांडा), आणि दोन्ही चाकांच्या मधे १७० सेंटिमीटर अंतर. वेल्डरदादांनी आधी सगळीकडे नुसते टाके मारले, दोरी लावून चाकं एका रेषेत आहेत का पाहिलं आणि मग एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून असं थोडं थोडं जोडत गेले. एका बाजूने सलग जोडलं असतं तर पाइप ओढला गेला असता. सगळा खर्च ₹६,४००, त्यातला निम्मा चेन, ब्रेक आणि बैठकीवर.

खरी परीक्षा चेनची. जवळजवळ तीन चेन जोडून एक केली आहे. क्रँकपासून मागच्या चाकापर्यंत सरळ रेषा मिळत नाही, त्यामुळे वाटेत तिला वळवावं लागतं. सुरुवातीला सरकत्या दरवाज्याचा नायलॉनचा रोलर लावला. वरची, ताण येणारी बाजू त्यावरून जायची. तीन आठवड्यांत चेनने रोलरला खाच पाडली आणि प्रत्येक पायडलला करकर ऐकू यायला लागली. मग दातेरी चक्र बसवलं, आत दोन बॉल बेअरिंग. दुसऱ्याच दिवशी सायकल हलकी झाली. खालच्या बाजूला ताण नसतो, तिथे प्लास्टिकची नळी पुरते. कोणी बांधणार असेल तर रंगावरचे पैसे वाचवा, पण या चक्रावर वाचवू नका.

गिअरचं गणितही मी आधी चुकवलं होतं. या सायकलवर उभं राहून जोर देता येत नाही, पुलाच्या चढावर जे काही असेल ते बसूनच. पुढे ४४ दाते होते, मागे २८. भांडुपहून ऐरोलीच्या पुलावर चढताना गुडघे बोलायला लागले. आता पुढे २८ दाते आहेत, म्हणजे पायडलची एक फेरी आणि चाकाचीही एकच, दोन मीटरच्या आसपास. चढ हळू होतो, पण होतो. मांड्यांना हे नवं काम अंगवळणी पडायला महिना लागला.

नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर रविवारी पहाटे मात्र सगळे कष्ट वसूल होतात. खाडीचा वारा समोरून आला तरी छाती अडवत नाही, मान न वाकवता आकाश दिसतं. याच बैठकीच्या जोरावर फ्रेंच सायकलपटू फ्रान्सिस फोरने १९३३ मध्ये पॅरिसला तासाभरात ४५.०५५ किलोमीटर कापले आणि १९१४ पासूनचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी अशा सायकली शर्यतींतून बाद केल्या गेल्या. तो निर्णय झाला नसता तर आज कुर्ल्यात भंगारातही रिकम्बंट मिळाली असती, असं मला मनापासून वाटतं.

बैठक आधी प्लायवूड आणि फोमची होती. मेमध्ये पाठ भिजून फोमला वास यायला लागला. मग पाइपच्या चौकटीवर खाटेसारखी नवार विणली. वारा खेळतो, पावसानंतरही लवकर वाळते. बैठकीची पाठही जास्त उभी केली, कारण फार रेललं की मागे वळून पाहताच येत नाही. दोन्ही बाजूंना आरसे आणि काठीवर केशरी झेंडा, हे नसेल तर मुंबईत बाहेर पडू नका. रिक्षावाले उलट लांबून जातात. भीती वाटते ती मोबाइलवर व्हिडिओ काढत अगदी शेजारी येणाऱ्या दुचाकीस्वारांची.

पावसात दोन गोष्टी कळल्या. पुढच्या चाकावर भार कमी असल्याने ओल्या पेव्हर ब्लॉकवर ते घसरतं, एकदा कोपर सोलून घेतलं. आणि स्टीलच्या रिमवर ओला ब्रेक लागतच नाही. मागे ॲल्युमिनियमची रिम घातली तेव्हा कुठे जीवात जीव आला.

बाजाराला किंवा स्टेशनला ही सायकल नेत नाही. गर्दीत वळत नाही, लिफ्टमध्ये मावत नाही आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिची शेपटी शेजाऱ्यांच्या गाडीपर्यंत जाते. चिमटा आणि क्रँकच्या मधे १५ सेंटिमीटर जागा मोकळी आहे. सायकल तेवढी आखूड करायला दिवाळीनंतर पाइप तिथे कापून पुन्हा जोडायचा आहे, वेल्डरदादांशी बोलणं झालं आहे.