जोन ऑफ आर्क: अँग्रची की बास्तियँ-लपाजची?

जोन म्हणजे पंधराव्या शतकात संतांचे आवाज ऐकून फ्रान्ससाठी इंग्रजांशी लढायला निघालेली शेतकऱ्याची मुलगी. चर्चने तिला संतपद दिलं १९२० साली. फ्रेंच चित्रकार अँग्र मात्र १८५४ मध्येच तिच्या डोक्यामागे बारीक सोनेरी वलय रेखाटून मोकळा झाला. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या या चित्रात फ्रान्सच्या राजाच्या रँस शहरातल्या राज्याभिषेकाचा सगळा थाट आहे: चकचकीत चिलखत, एका हातात निशाण, दुसरा हात वेदीवर, नजर वर. मागच्या मंडळींत अँग्रने स्वतःलाही उभं केलंय (हौस दांडगी!). देखणं आहे, पण बाई संगमरवरी वाटते.

बास्तियँ-लपाजची जोन (१८७९, आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात) घराच्या परसात उभी आहे. सूतकताई टाकून ती अशी तडक उठलीय की स्टूल उलटून पडलंय. हात पुढे पानांपाशी, डोळे समोर असूनही कशावरच नाहीत. चित्रकार तिच्याच लॉरेन प्रांतातला. १८७१च्या युद्धात फ्रान्स हरल्यानंतर त्या प्रांताचा काही भाग जर्मनीने घेतला, आणि जोन फ्रेंचांना जास्तच जवळची झाली. मागे झाडीत संत तरंगतात. ते तेव्हाच्या समीक्षकांना खटकले, मलाही खटकतात. तिला आवाज ऐकू येताहेत हे चेहऱ्यावरूनच कळतं. तरीही निवडायचं तर मी हीच निवडेन.