सीलिंग टाइल्सचा टेक्श्चर पॅक घेताना मी फसले, तुम्ही नीट बघून घ्या

मागच्या महिन्यात माझे ३,५०० रुपये गेले आणि वर दोन रात्री गेल्या, म्हणून हे लिहितेय. मी कोपरखैरण्यात घरूनच इंटिरियरचे थ्रीडी व्ह्यू करते, ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये. महापेच्या एका ऑफिसचं काम होतं आणि आर्किटेक्ट सरांनी आधीच बजावलेलं की मिनरल फायबरची टाइल (ऑफिसच्या छताला असते ती, बारीक भोकांची) खरी वाटली पाहिजे, नुसते पांढरे चौकोन नकोत.

नेमकी तेव्हाच मोबाइलवर जाहिरात आली, सीलिंग टाइल्सची ४० मटेरियल्स (थ्रीडी मॉडेलवर चढवायचे तयार पृष्ठभाग), ८के रिझोल्यूशन, "सगळं आम्ही स्वतः शूट केलंय". फोटो खूपच भारी होता, एका टाइलच्या कोपऱ्यात पाणी झिरपल्याचा पिवळट डागसुद्धा होता, चंद्रकोरीसारखा, मला वाटलं काय बारकाईनं काम केलंय. मेसेज केला तर लगेच मराठीत उत्तर, "ताई बिनधास्त घ्या, मी ठाण्यातलाच आहे, अडलं तर फोन करा." ठाण्यातला म्हटल्यावर माझा विश्वासच बसला. तरी मी सॅम्पल म्हणून एक नॉर्मल मॅप (पृष्ठभाग कुठे उंच, कुठे खोल हे सांगणारी इमेज) मागितला, तर म्हणे "फाइल दिली की लोक गायब होतात ताई, आणि हा रेट आज रात्रीपर्यंतच आहे." तिथेच थांबायला हवं होतं, पण डेडलाइन डोक्यावर होती, यूपीआयने पैसे पाठवले आणि ड्राइव्हची लिंक आली.

रेंडर, म्हणजे अंतिम चित्र, लावला तर प्रत्येक टाइलच्या कोपऱ्यात खळगा. खिडकीजवळ उजेड तिरका पडतो ना, तिथे तर फारच दिसत होता. आधी वाटलं माझंच काही चुकलं, नॉर्मल मॅपची कलर स्पेस नॉन-कलर आहे का बघितलं (नाहीतर ब्लेंडर त्याला रंग समजतं), ग्रीन चॅनल उलटा करून बघितला (तो चुकला की उंचवट्याचा खळगा दिसतो), रात्रीचे दोन वाजले. मग नॉर्मल मॅपच मोठा करून बघितला तर त्यात तीच चंद्रकोर! डाग हा रंग असतो हो, तो नॉर्मल मॅपमध्ये यायचं कारणच नाही. म्हणजे याने एक फोटो घेऊन सॉफ्टवेअरमध्ये टाकलेला, गडद तेवढं खोल, झाला नॉर्मल मॅप तयार. ८के पण नावालाच, १०० टक्के झूम केलं की टाइलवरची बारीक भोकं पुसट, छोटा फोटो ताणून मोठा केलेला. टी-ग्रिडची, म्हणजे टाइल्स धरणाऱ्या चौकटीची, पट्टीसुद्धा फोटोतच सपाट चिकटलेली, सावलीसकट, त्यामुळे मी लाइट कुठूनही दिला तरी सावली डावीकडेच.

आणि जी पाच-सहा मटेरियल्स खरंच चांगली होती ती अ‍ॅम्बियंटसीजी या वेबसाइटवर ऑफिस सीलिंग या नावाने फुकट मिळतात. ती सीसी-झिरो, म्हणजे कुणीही कशीही वापरावीत अशा लायसन्सची, आहेत त्यामुळे विकायला कदाचित बंदी नसेल, पण "स्वतः शूट केलंय" हे धडधडीत खोटं ना.

फोन केला तर उचलला नाही, मेसेजला "डिजिटल मालाला रिफंड नसतो" एवढंच, आणि मग ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, नंबर मिळालाय, पैसे अजून नाहीत.

शेवटी तुर्भ्याच्या एका दुकानातून तुटक्या टाइलचा तुकडा मागून आणला, स्कॅनरवर ठेवला आणि मटेरियल स्वतःच बनवलं. टाइल ५९५ मिलिमीटरची वेगळी, २४ मिलिमीटरची ग्रिड वेगळी मॉडेल केली, पांढरा रंग ०.८ च्या वर नेला नाही (१ म्हणजे पूर्ण पांढरा), आणि ब्लेंडरमधल्या ऑब्जेक्ट इन्फो नोडच्या रँडमने प्रत्येक टाइलचा रंग किंचित बदलला. एका दुपारचं काम होतं. सरांना आवडलं.

कुणाकडूनही पॅक घ्यायचा तर पैसे द्यायच्या आधी एक नॉर्मल मॅप मागाच, देत नसेल तर सोडून द्या. परवा तीच जाहिरात परत दिसली, नाव दुसरं, रेट ४,२०० आणि कोपऱ्यात तीच पिवळी चंद्रकोर.