नोवाक की कोवाल्स्की?
पोलंडमध्ये सर्वाधिक आढळणारं आडनाव नोवाक. सुमारे 2 लाख लोकांचं. कोवाल्स्की त्याच्या मागोमाग. तरी ‘सामान्य माणूस’ म्हणून पोलिश लोक नाव घेतात ते यान कोवाल्स्कीचंच.

नोवाक आलं ‘नोवी’ म्हणजे नवा यावरून: गावात नव्यानं आलेला. चेक आणि स्लोव्हेनियातही हेच आडनाव पहिल्या क्रमांकावर आहे.

कोवाल्स्कीची गोष्ट मला जास्त भावते. ‘कोवाल’ म्हणजे लोहार. ‘स्की’ मात्र आपल्या ‘कर’सारखं, बऱ्याचदा गाव सांगणारं, म्हणून मूळ लोहाराच्या भात्यात असेल किंवा कोवाले नावाच्या गावात. शिवाय बाईचं आडनाव कोवाल्स्का होतं, जसं 1905 साली जन्मलेल्या संत फाउस्तिना कोवाल्स्का यांचं. नोवाक दोघांनाही तेच.