आयआयटी जॅम: पेपर चोख, घोळ दाखल्यांत

जॅम म्हणजे आयआयटींत एमएस्सीला प्रवेश देणारी परीक्षा. टीवायची (पदवीच्या तिसऱ्या वर्षाची) मुलं विचारतात, "जॅम अवघड असते का?" खरं विचारायला हवं ते "मी पात्र आहे का?" परीक्षा म्हणून जॅम चोख आहे. माणूस बाहेर पडतो तो अटींमुळे आणि कागदांमुळे, आणि हे लक्षात येतं निकाल लागल्यावर.

आधी पेपर. तीन तास, 60 प्रश्न, 100 गुण. अ विभागात एकच पर्याय बरोबर असलेले 30 प्रश्न, 50 गुणांचे. चुकलं तर एक गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश आणि दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश गुण कापतात. ब विभागात 10 प्रश्न, 20 गुण, आणि बरोबर पर्याय एकाहून जास्त असू शकतात. इथे निगेटिव्ह नाही, पण अर्धवट गुणही नाहीत. बरोबर तीनपैकी दोनच टिपले तर शून्य. क विभागात उत्तराचा आकडा भरायचा: 20 प्रश्न, 30 गुण, निगेटिव्ह नाही. म्हणजे अर्ध्या पेपरात चुकण्याची भीती नाही, तरी मुलं अ मध्येच वेळ घालवून बसतात.

स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटर मात्र वैताग आहे. 30 चा साइन हवा तर आधी 30 आणि मग साइन. हातातल्या नव्या कॅल्क्युलेटरच्या बरोबर उलटं. अंश की रेडियन, तेही बघायचं. दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तर मागितलं असेल तर मधल्या पायरीत आकडा गोल करू नका, नाहीतर शेवटचं उत्तर ठरलेल्या मर्यादेबाहेर जातं. आकडा भरून 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबलं नाही तर तो धरला जात नाही. ही सवय लावायला अधिकृत संकेतस्थळावर मॉक टेस्ट आणि जुने पेपर फुकट आहेत. ते संपेपर्यंत टेस्ट सिरीजवर पैसे घालवू नयेत.

पेपर सातच: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, गणिती संख्याशास्त्र, भूशास्त्र, अर्थशास्त्र, बायोटेक्नॉलॉजी. बॉटनी, झूऑलॉजी, मायक्रोच्या मुलांना बायोटेकशिवाय पर्याय नाही, आणि त्यात बारावीच्या पातळीचं गणित, भौतिक, रसायनही येतं. कॉम्प्युटर सायन्सला स्वतःचा पेपर नाही. त्यांनी एमसीएची सीईटी किंवा एनआयटींची एमसीए प्रवेशपरीक्षा निमसेट बघावी.

आता खरं दुखणं. जॅमला बसता येणं वेगळं आणि प्रवेश मिळणं वेगळं. प्रत्येक आयआयटीची प्रत्येक अभ्यासक्रमासाठी स्वतंत्र अट असते: पदवीला अमुक विषय किती सेमिस्टर, बारावीला गणित होतं का. काही ठिकाणी रसायनशास्त्राच्या एमएस्सीला बारावीचं गणित लागतं. बारावीला पीसीबी (गणित सोडून जीवशास्त्र) घेऊन केमिस्ट्रीत आलेल्या मुलाचा रँक कितीही चांगला असला तरी ते दार त्याला बंद. भौतिकवाल्यांचंही तेच: पदवीला गणित किती सेमिस्टर झालं ते मोजा. म्हणून माहितीपुस्तिका एसवायलाच उघडावी, तेव्हा विषय बदलण्याची थोडी तरी सोय असते.

दाखल्यांचा घोळ तर खास आपल्याकडचा. ओबीसीचं नॉन-क्रीमीलेअर केंद्राच्या नमुन्यात आणि मुदतीतलं लागतं. राज्याचा दाखला चालत नाही. सेतूत 'सेंट्रलचं हवं' असं स्पष्ट सांगावं लागतं. जात केंद्राच्या यादीत आहे का, हेही तपासा. एसईबीसीचा, म्हणजे राज्याच्या मराठा आरक्षणाचा, दाखला इथे कामाचा नाही.

परीक्षा फेब्रुवारीत. निकालानंतर प्रवेशाचा अर्ज वेगळा भरायचा असतो, आणि निकाल लागला म्हणजे झालं असं समजून बसणारे इथेच राहतात. जागा मिळाली की तीनच मार्ग: घेऊन थांबणे, घेऊन वरच्या पसंतीची वाट बघणे, किंवा नाकारून बाहेर. मुदतीत काहीच केलं नाही तरी बाहेरच. पसंतीक्रम भरताना 'मिळेल तिथे जाऊ' म्हणून नको असलेलं वर टाकू नका, कारण वरची पसंती मिळाली की खालच्या जागांचा प्रश्नच उरत नाही. जॅमच्या गुणावर एनआयटीत एमएस्सीला जायचं तर त्यांच्या सामाईक प्रवेशप्रक्रियेची, सीसीएमएनची, नोंदणी वेगळी. टीआयएफआरला (मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) जायचं असेल तर तिथली परीक्षा स्वतंत्र. आणि जॅमचा गुण त्याच वर्षापुरता. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.