भिशीच्या पैशातून मुलांसाठी नेट: आधी सिमचा राउटर, मग फायबर (जून ते मार्च वापरून)

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकते. हातावर पोट असलेल्या घरांतल्या मुलांना अभ्यासासाठी नेट द्यायचं असेल, तर दर महिन्याला मोबाइलचं रिचार्ज मारून देऊ नका. सिमवर चालणारा राउटरही नाइलाज असेल तरच घ्या. घरापर्यंत फायबरची तार आणा. आणि तारेइतकंच लक्ष फोनकडे व ओटीपीकडे द्या, कारण आमचं घोडं खरं अडलं ते तिथे.

आम्ही इंदूरला, रामबागेत. वाडा जुना, मागच्या अंगाला भाडेकरूंच्या खोल्या. आया चार घरी पोळ्या लाटायला जातात, वडील कुणी सियागंजात हमाली करतात, कुणी ई-रिक्षा चालवतात. मुलं आठवी ते बारावीतली, बहुतेक हिंदी माध्यमाची. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, त्यामुळे वायर, डबा, लाइनमन या गोष्टींशी जुनं नातं. आमच्या भिशीत दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला काढायची असं ठरलं आणि ते काम साहजिकच माझ्या गळ्यात पडलं.

भिशीत पहिला प्रश्न आला तो असा: शाळा तर रोज भरतात, मग घरी नेट कशाला? विचारणाऱ्या वहिनींची नातवंडं कॉन्व्हेंटमध्ये आहेत, दोघांकडे टॅब आहे. प्रश्न चुकीचा नव्हता. पण 2020 मध्ये मध्य प्रदेशात सरकारी डिजीलेप उपक्रमाचे अभ्यासाचे व्हॉट्सअॅप ग्रुप सुरू झाले, ‘हमारा घर हमारा विद्यालय’ ही घरून शिकायची योजना आली, आणि करोना गेला तरी सवय गेली नाही. गृहपाठ ग्रुपवर, वेळापत्रक ग्रुपवर, उद्या काय घालून यायचं तेही ग्रुपवर. नववी ते बारावीची प्रश्नपेढी राज्याच्या शिक्षण खात्याच्या विमर्श पोर्टलवर, एनसीईआरटीची पुस्तकं फुकट पण पीडीएफमध्ये. मागच्या खोलीतली एक मुलगी आरटीईच्या 25 टक्क्यांतून खाजगी शाळेत आहे. वर्गात ती सगळ्यांच्या बरोबरीने बसते, संध्याकाळी सहानंतर मात्र नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2020 मध्ये सांगितलं होतं की ऑनलाइन वर्ग चालवणाऱ्या शाळांनी अशा मुलांना उपकरण आणि नेटची सोय करून द्यावी. ते दिल्लीचं, आणि त्या काळातलं. आमच्या गल्लीत तसं काही पोचलं नाही.

‘हल्ली सगळ्यांकडे मोबाइल असतो’ हे वाक्य मला या दहा महिन्यांत फार वेळा ऐकावं लागलं. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात शहरांतल्या 42 टक्के घरांतच नेटची सोय होती. त्यानंतर परिस्थिती खूप बदलली, हे खरं. पण घरात एक फोन असणं आणि तो मुलाच्या हाती असणं यात रात्री साडेनऊचं अंतर असतं. वडील रिक्षा लावून घरी येतात तेव्हा बॅटरी बारा टक्के आणि दिवसाचा डेटा संपत आलेला.

सुरुवात सिमच्या राउटरने केली, कारण भाडेकरूंकडे भाडेकरार नव्हता आणि त्याशिवाय त्यांच्या नावावर फायबर मिळेना. राउटर जेल रोडवरून घेतला, दोन हजारांच्या थोडा वर. सिम घातलं, प्लग लावला, पाच मिनिटांत चालू. हा त्याचा मोठा गुण. दुसरा गुण म्हणजे उचलून नेता येतो. एका कुटुंबाला महिनाभर नंदानगरला मामाकडे राहावं लागलं, तर राउटर त्यांच्याबरोबर गेला आणि मुलाचा अभ्यास तुटला नाही. एवढ्यावर त्याची स्तुती संपते.

हिशोब बघा. रोजचा डेटा दीड जीबी. ढोबळमानाने 360पी वर (हा आकडा चित्राच्या स्पष्टतेचा, जितका मोठा तितकं स्पष्ट) तासाभराच्या व्हिडिओला 300 एमबी लागतात, 720पी वर एक जीबीच्या वर. पाच मुलं एका राउटरवर बसली की प्रत्येकाच्या वाट्याला तासभर येतो, तोही सगळ्यांनी शहाण्यासारखं वागलं तर. शिवाय जुन्या फोनमध्ये अॅप आपोआप अपडेट व्हायला लागतात ते याच दीड जीबीतून. ते बंद करणं हे पहिलं काम समजा. रात्री आठ ते अकरा टॉवरवर इतकी गर्दी की चाक फिरत राहायचं. आणि रिचार्जच्या मुदतीचे ते 28 दिवस! वर्षाचे महिने बारा, रिचार्ज तेरा. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, जानेवारी 2022 मध्ये कंपन्यांना निदान एक तरी प्लॅन तीस दिवसांचा ठेवायला लावला, पण दुकानदार आधी दाखवतो तो 28 चाच. पगार सात तारखेला, रिचार्ज संपतं दोनला; पुढच्या वेळी संपतं आणखी आधी. जुलै 2024 मध्ये तिन्ही मोठ्या कंपन्यांनी दर वाढवल्यापासून हे मधले कोरडे दिवस वाढलेत, असं मुलांच्या आयाच सांगतात.

डेटा वाचवायला मुलं व्हिडिओ 144पी वर बघायची. इतिहासाला चालतं, आवाज ऐकला की झालं. गणिताला नाही चालत. दहावीतली मुलगी द्विघाती समीकरणं करत होती आणि तिचं उत्तर सारखं चुकत होतं. मी वही घेतली, रीत बरोबर. मग फोन हातात घेतला. फळ्यावरचा 8 आणि 3 दोन्ही एकसारखे पांढरे ठिपके दिसत होते, आणि वरचा वर्गाचा 2 तर दिसतच नव्हता. पोर चष्म्याचा नंबर वाढला असं समजून बसली होती. 360पी केलं, आकडे उभे राहिले. त्या दिवसापासून माझा नियम: गणित, रसायन आणि नकाशे 360 च्या खाली बघायचे नाहीत, बाकी काहीही चालेल.

फायबर दिवाळीनंतर आलं. माझ्याच नावावर घेतलं, कारण करार नसलेल्यांच्या नावावर ते मिळणार नव्हतं आणि मागच्या खोल्यांचे मालक भिंतीला भोक पाडू देईनात. प्लॅन 399 चा, 30 एमबीपीएस, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे महिना 471. पाच घरांत वाटले तर घरटी 95 रुपयांच्या आत. एकाही सिमचं रिचार्ज इतक्यात होत नाही. सहा महिन्यांचे एकदम भरले, तारखेची कटकट गेली. रात्री नऊलाही पाच फोन एका वेळी चालतात. 30 ऐकून काही जण नाक मुरडतात, शंभर तरी हवेत म्हणतात. त्यांना काय सांगणार? 360पीच्या एका व्हिडिओला एक एमबीपीएस पुरतो.

वाड्याच्या भिंती मात्र दीड-दीड हात जाड. राउटरची दोन नावं दिसतात, 2.4 आणि 5 (गिगाहर्ट्झ, लहरींचे दोन पट्टे). पाचवालं वेगवान, पण आमच्या भिंतीपुढे हात टेकतं. मागच्या खोल्यांसाठी 2.4 च लावलं, आणि तेही कमी पडलं म्हणून तो सिमवाला राउटर लॅनच्या वायरने मागे जोडून दिला. त्यात ती सोय होती. घेताना मागे लॅनचं भोक आहे का ते बघा, म्हणजे पुढे फायबर आलं तरी डबा वाया जात नाही.

डिसेंबरात एक दिवस नेट बंद. राउटरवर एलओएसचा लाल दिवा लुकलुकत होता, म्हणजे तारेतून प्रकाशच येत नाही. तक्रार केली, ‘चोवीस तासांत’ असा मेसेज आला, आणि तोच मेसेज दुसऱ्या दिवशीही आला. शेवटी मीच तारेमागे चालत गेले. मागच्या अंगणात कुणीतरी कपडे वाळत घालायची दोरी बांधायला खिळा ठोकला होता आणि आमची बारीक काळी तार त्याच खिळ्याला काटकोनात गुंडाळली होती. तांब्याची तार असती तर काही बिघडलं नसतं. आतली काच अशी वाकली की प्रकाश बाहेर निसटतो, फार वाकली तर तडकते. तार हलकेच सोडवून मोठ्या वळणाने वर टाकली, दिवा हिरवा झाला. लाइनमन तिसऱ्या दिवशी आला, तारेतला प्रकाश मोजायचं मीटर लावलं, मायनस 24 डीबीएम आलं; आकडा जितका शून्यापासून लांब तितका प्रकाश कमी. ‘मैडम, चल तो रहा है,’ म्हणाला. चालतंय तर खरंच, पण मायनस 27 च्या पलीकडे गेलं की डचमळायला लागतं, म्हणून मी त्याच्याकडून टोकाचा जोड नवा करून घेतला. चहा पाजला होता, त्यामुळे त्याने केला.

वीज गेली की राउटर मरतो, यावर छोटा 12 व्होल्टचा यूपीएस मिळतो, हजार-बाराशेला. दोन-तीन तास काढतो. जूनच्या वादळांत वसूल होईल. घ्याच.

आता फोन. देणगीत आलेले जुने फोन भरपूर, उपयोगी थोडे. जे फोन लोक ‘अजून चांगला आहे हो’ म्हणत देतात, त्यातल्या काहींची पाठ फुगलेली होती. फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावून मुलाच्या उशाशी ठेवायची नाही, असा फोन सरळ परत करा. दोन जीबी रॅमचा फोन व्हॉट्सअॅप उघडेपर्यंत घरात कुकरची शिट्टी होते. निदान तीन जीबी बघा. शेवटी दोन फोन जेल रोडवरून जुने घेतले, बॅटरी समोर उभं राहून बदलून. एक टॅब सिल्व्हर मॉलमधून दुरुस्त करून आणला, तो दुरुस्तीच्या पैशात अर्धा नवा आला असता, पण देणारीचं मन मोडवेना.

या फोनमध्ये सिम नाही, नुसतं वायफाय. मग शाळेचा ग्रुप कसा दिसायचा? 2023 पासून एकच व्हॉट्सअॅप खातं आणखी चार उपकरणांवर जोडता येतं, त्यात दुसरा फोनही चालतो. वडिलांच्या फोनवरून क्यूआर कोड स्कॅन केला की झालं. गृहपाठ आला की मुलीला इथे दिसतो, वडील रिक्षात असले तरी. वडिलांचा फोन चौदा दिवस वापरलाच नाही तर जोडणी तुटते, तेवढं लक्षात ठेवा. आणि घरच्यांना आधी स्पष्ट सांगा की बाकीचे मेसेजही मुलांना दिसणार. एका घरात उधारीचं बोलणं पोराने वाचलं आणि आई माझ्यावर रागावली. रास्तच होतं. तिथे मग स्वस्तातलं वेगळं सिम घेतलं.

ओटीपीवर तर मी पानभर लिहू शकेन. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा, समग्र आयडीचं (मध्य प्रदेश सरकारच्या ओळख क्रमांकाचं) केवायसी करायचं, तर ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर. तो नंबर वडिलांच्या खिशात, वडील सियागंजात पोतं खांद्यावर घेऊन. फोन उचलला तर आकडे सांगता सांगता वेळ संपते. एका घरात नंबरच बंद पडलेला, रिचार्ज न केल्यामुळे. मग एमपी ऑनलाइनच्या, म्हणजे सरकारी फॉर्म भरून देणाऱ्या, कियोस्कवर फॉर्ममागे पैसे द्या, वर तिथेही तोच ओटीपी. आम्ही केलं ते एवढंच: रविवारी सकाळी, वडील घरी असताना, सगळे फॉर्म एकदम. आणि ज्यांचे नंबर मेलेले होते त्यांना आधी आधार केंद्रावर पाठवलं. नेट देण्याआधी हे काम करा, असं मी आता भेटेल त्याला सांगते.

मुलं रील्स बघतात का? बघतात. मीही बघते. राउटरमध्ये वेळ लावता येते, रात्री अकराला मुलांचं नेटवर्क बंद होतं. आईबापांना त्यात माझा फार मोठा पराक्रम वाटतो. मुलांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं ठेवलंय आणि पासवर्ड मी फोनमध्ये स्वतः घालते, सांगत नाही. कनेक्शन माझ्या नावावर आहे. उद्या त्यावरून कुणी काही उपद्व्याप केला तर विचारणा माझ्या दारात येणार. आम्ही कुणाकडून पैसे घेत नाही, पण कुणाला घेऊनच चालवायचं असेल तर घरगुती कनेक्शन वाटू नये. त्यासाठी डिसेंबर 2020 मध्ये केंद्राने मंजूर केलेली पीएम-वाणी योजना आहे, त्यात कोपऱ्यावरच्या किराणावाल्यालाही परवान्याशिवाय वायफाय देता येतं, आणि वापरणारा ओटीपीने ओळख देऊन आत येतो. पुन्हा ओटीपी, हो.

नेटशिवाय जे चाललं तेही सांगते. एनसीईआरटीची पुस्तकं आणि बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिका मी एका मेमरी कार्डावर उतरवून प्रत्येक फोनमध्ये टाकल्या. सरकारी दीक्षा अॅपमधले धडेही आधी उतरवून ठेवता येतात. फेब्रुवारीत, बोर्डाच्या ऐन परीक्षेत, दहावीवाली मुलगी नेटपेक्षा ते कार्डच जास्त वापरत होती. व्हिडिओ तिने जानेवारीतच बंद केले.

मार्चअखेर भिशीत हिशोब मांडला. राउटर, फायबर, यूपीएस, फोन आणि बॅटऱ्या धरून जो आकडा झाला, त्यात सर्वात मोठा भाग फोनचा, नेटचा नव्हे. पुढच्या वर्षी तार बोळातल्या पलीकडच्या चाळीत न्यायची आहे. तिथले मालक उज्जैनला राहतात आणि भोक पाडायचं नाव काढलं की फोन ठेवतात. एप्रिलमध्ये भाडं घ्यायला येतील, तेव्हा वहिनींना घेऊन जाणार आहे.