आजी-नातवंडं घेऊन एक दिवस: वेरूळ की शहरातच?

पाहुणे संभाजीनगरला आले की घरात हा वाद ठरलेला. वेरूळ तीसेक किलोमीटर, वाटेत देवगिरी. दोन्ही एका दिवसात उरकू म्हणणाऱ्याने किल्ल्याच्या पायऱ्या चढलेल्या नसतात! किल्ल्यातल्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेत, वटवाघळांचा वास आला की पोरं खूश, आजी मात्र खालीच चांदमिनारपाशी बसलेली बरी.

वेरूळला 34 लेणी आहेत. सगळी बघायच्या भानगडीत पडू नका, 16 नंबरचं कैलास सावकाश बघा. कळसापासून खाली कोरत आणलेला एकच खडक. आमच्या आजीने तिथल्या दगडी हत्तीवर हात फिरवला आणि म्हणाली, "सोंड कुणी मोडली गं?" जवळच घृष्णेश्वर, म्हणजे तिचं दर्शनही झालं. मंगळवारी लेणी बंद, एवढं लक्षात ठेवा.

शहरातला दिवस सोपा: बीबी का मकबरा, पाणचक्की, दुपारी घरी जेवण. मकबऱ्याचा घुमट संगमरवरी, वरच्या भिंतींना मात्र चुन्याचा गिलावा. जवळ गेलं की फरक दिसतो. पाणचक्कीला डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून येतं, वडाखाली गारवा असतो.

मे महिना असेल किंवा कुणाचे गुडघे दुखत असतील, तर शहर. नाहीतर माझं मत वेरूळला, तेही किल्ला वगळून आणि सकाळी सातलाच निघून.