कृष्णधवल प्रिंट घरी: शाईचा प्रिंटर की मोरीतली डार्करूम?

घरच्या प्रिंटरवर कृष्णधवल फोटो छापला की पहिली तक्रार ठरलेली असते. खिडकीपाशी फोटो छान राखाडी दिसतो, ट्यूबलाइटखाली नेला की हिरवट नाहीतर जांभळट. कारण त्या फोटोत राखाडी शाई बहुतेक वेळा नसतेच. भिंगातून पाहिलं तर आभाळाच्या फिक्या भागात निळे, गुलाबी, पिवळे ठिपके शेजारीशेजारी बसलेले दिसतात. डोळा त्यांचा राखाडी करतो, आणि उजेड बदलला की तो हिशेब बिघडतो. म्हणून काहीही विकत घेण्याआधी एवढंच विचारा: राखाडी कशातून येणार? रंगांच्या मिश्रणातून, राखाडी शाईतून, की डार्करूमच्या कागदावरच्या चांदीतून?

इंक टँक

सहा शायांचे इंक टँक प्रिंटर, म्हणजे बाटलीतून टाकीत शाई भरायचे, छपाईला सगळ्यांत स्वस्त. पण दर मॉडेलमधल्या सहा बाटल्या सारख्या नसतात. एपसन एल८०५०मध्ये नेहमीच्या चार शायांना फिका निळा आणि फिका गुलाबी जोडलेला आहे. चेहऱ्यांचे रंग त्यावर सुरेख येतात, राखाडी मात्र मिश्रणाचीच. कॅनन जी५७० आणि एपसन एल८१८० यांत एक बाटली खरोखरच राखाडी शाईची आहे. कृष्णधवलच जास्त छापायचं असेल तर या दोघांकडेच पाहा. नुसत्या काळ्या शाईवर छापून रंगछटा टाळता येते खरी, पण मग गालावर, ढगांवर काळे ठिपके सुटेसुटे दिसू लागतात.

फोटोसाठीच्या या शाया डाय प्रकारच्या, म्हणजे रंग द्रवात विरघळलेला. चकचकीत कागदावर काळा खोल येतो, पण उघड्या हवेत भिंतीवर डकवलेल्या फोटोचा रंग लवकर उडतो आणि उडताना एका रंगाकडे झुकतो. काचेआड ठेवला की बराच टिकतो.

राखाडी शायांचा पिगमेंट प्रिंटर

पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात. एपसनच्या शुअरकलर पी७००, पी९०० मध्ये काळ्याबरोबर राखाडी आणि फिकी राखाडी अशा दोन शाया आहेत. कॅनन प्रो-३०० मध्ये राखाडी एकच. एपसनच्या ड्रायव्हरमध्ये (कॉम्प्युटरवरच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये) कृष्णधवलसाठी वेगळा मोड आहे. त्यात फोटो मुख्यतः काळ्या-राखाडी शायांतून उतरतो आणि रंगीत शाई छटा थंड किंवा उबदार करण्यापुरती चिमूटभर लागते. उजेड बदलल्यावर फोटोचा रंग न बदलणं हवं असेल तर पैसे इथे घालावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पण खर्च नीट समजून घ्या. प्रो-३००चं एक कार्ट्रिज १४.४ मिलीचं, पी७००चं २५ मिलीचं. आठवड्यात एक तरी रंगीत पान छापलं नाही तर नोझल, म्हणजे शाईची बारीक छिद्रं, सुकू शकतात, आणि प्रत्येक हेड क्लीनिंगमध्ये शाई फोटोवर न जाता वाया जाते. मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत, त्यातही पंख्याच्या झोतात ठेवलेल्या प्रिंटरला हा त्रास जास्त. महिन्याला दोन-चार फोटोंपेक्षा जास्त छापणार नसाल तर हा प्रिंटर घेऊ नका. पिगमेंट प्रिंटर असलेल्या एखाद्या लॅबकडून छापून घ्या.

कोणताही प्रिंटर असो, फोटो बिघडतो तो बहुधा तीन ठिकाणी. पहिलं, स्क्रीन. ती पूर्ण उजळ ठेवून फोटो सुधारला की प्रिंट काळवंडते. ज्या उजेडात प्रिंट पाहणार त्या उजेडात कोरा कागद स्क्रीनशेजारी धरा आणि स्क्रीनवरचं पांढरं कागदाइतकं होईपर्यंत उजळपणा उतरवा. दुसरं, कागदाची निवड. प्रिंटरमध्ये दोन काळ्या शाया असतील तर मॅट (चकाकी नसलेल्या) कागदावर मॅट ब्लॅक, चकचकीत किंवा बरायटा (डार्करूमच्या कागदासारखा लेप असलेल्या) कागदावर फोटो ब्लॅक. उलट झालं तर मॅटवरचा काळा राखेसारखा दिसतो. कागदाची बाजू ओळखायला कोपऱ्याला ओलसर बोट लावा, लेप असलेली बाजू चिकटते. तिसरं, ड्रायव्हरमधला कागदाचा प्रकार. शून्य ते शंभर टक्के काळा, दर पाच टक्क्यांची २१ घरांची पट्टी छापा. शेवटची तीन-चार घरं एकच काळी झाली असतील तर शाई जास्त पडते आहे. कागदाचा प्रकार बदला किंवा शाईची घनता थोडी उतरवा. फोटोवर प्रयोग करत कागद वाया घालवण्यापेक्षा ही पट्टी स्वस्त.

मोरीतली डार्करूम

तुमच्याकडे निगेटिव्ह असतील तर गोष्टच वेगळी. चांदीच्या कागदाला रंगछटेचा प्रश्न जवळजवळ नाही आणि नोझल सुकायची भीती नाही. सहा महिने हात लावला नाही तरी एन्लार्जरचं, म्हणजे निगेटिव्ह मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राचं, काही अडत नाही. बंद पडलेल्या स्टुडिओंचे एन्लार्जर जुन्या बाजारात मिळतात. घेताना लेन्समधून टॉर्च मारून पाहा, मुंबई-कोकणच्या दमट हवेत आत बुरशीचं जाळं धरलेलं असतं. ३५ मिमी फिल्मसाठी ५० मिमीची लेन्स, ६×६ सेमी निगेटिव्हसाठी ७५ किंवा ८० मिमीची.

आठ बाय दहा इंचांचे तीन ट्रे पुरतात. इलफर्ड मल्टिग्रेड आरसी (प्लास्टिकचा थर असलेल्या) कागदासाठी चित्र उमटवणारा मल्टिग्रेड डेव्हलपर १+९ (एक भाग डेव्हलपर, नऊ भाग पाणी), २० अंशांवर १ मिनिट. मग डेव्हलपरचं काम थांबवणारा स्टॉप बाथ, १० सेकंद. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी हेही चालतं. मग चित्र कायम करणाऱ्या रॅपिड फिक्सर १+४ मध्ये ३० सेकंद आणि वाहत्या पाण्यात २ मिनिटं. एक लिटर फिक्सरवर साधारण ८० आरसी प्रिंट होतात. प्लास्टिकचा थर नसलेला फायबर कागद सुंदर, पण धुवायला वेळ आणि पाणी फार, आणि वाळल्यावर तो किंचित गडद होतो. सुरुवात आरसीवरच करा.

आधी टेस्ट स्ट्रिप: लेन्स एफ/८वर, पुठ्ठा सरकवत दर ३ सेकंदांनी एक पट्टा. उजळ भाग पाहून वेळ ठरवा, गडद भाग पाहून कॉन्ट्रास्टचा फिल्टर. सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे सेफलाइटच्या (कागद न बिघडवणाऱ्या दिव्याच्या) तांबूस उजेडात प्रिंट आहे त्याहून काळी वाटते, म्हणून घाबरून ती ४० सेकंदांतच ओढून काढतात. काळा मग कधीच भरत नाही, सगळा फोटो चिखलासारखा होतो. मिनिट पूर्ण होऊ द्या. गडद वाटली तर पुढच्या वेळी एक्सपोजर कमी करा.

आपल्याकडची खरी अडचण पाण्याची. उन्हाळ्यात नळालाच तिशीतलं पाणी येतं. डेव्हलपर फार वेगाने काम करतो, इमल्शन (कागदावरचा चांदीचा लेप) मऊ पडून चिमट्याचे ओरखडे उठतात. ट्रे मोठ्या घमेल्यात ठेवा आणि घमेल्यातल्या पाण्यात गोठवलेली बाटली सोडा. डेव्हलपरमध्ये थेट बर्फ टाकू नका, तो पातळ होतो.

जुन्या दुकानात ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या 'इंदू' कागदाचं पाकीट मिळालं तर अंधारात एक तुकडा कापून त्याचे दोन भाग करा. एक थेट फिक्सरमध्ये, दुसरा आधी डेव्हलपरमध्ये आणि मग फिक्सरमध्ये. उजेडात शेजारी धरल्यावर दुसरा राखाडी दिसला तर कागद गेलेला आहे.

डिजिटल फाइल हाताशी, दर आठवड्याला छपाई आणि खिसा तयार असेल तर राखाडी शायांचा पिगमेंट प्रिंटर. खिसा आखडता असेल तर राखाडी बाटलीचा इंक टँक. कपाटात निगेटिव्हचे डबे असतील आणि शनिवार-रविवारी चार तास मोरी अडवायला घरचे तयार असतील, तर एन्लार्जर. प्रिंटर घेणार असाल तर दुकानात रंगीत नमुना पाहून भुलू नका. स्वतःची एक कृष्णधवल फाइल आणि ती २१ घरांची पट्टी पेन ड्राइव्हवर न्या, छापून घ्या, आणि दोन्ही पानं दुकानाबाहेरच्या उन्हात व परत आतल्या ट्यूबलाइटखाली धरून बघा.